अलाइनमेंटनंतर ईएसपीची लाइट लागते, स्टिअरिंग अँगल सेन्सर घरी झिरो करता येतो का?

नमस्कार दादा,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुढचे दोन टायर नवीन टाकले, डाव्या बाजूचा टाय रॉड एंड (स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं टोक) बदलला, टायरवाल्याकडून अलाइनमेंट करून घेतलं, आणि तेव्हापासून गावात गाडी ठीक चालते पण हायवेला सत्तर-ऐंशीच्या वर गेलं की मीटरमध्ये ते घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह लागतं, गाडी बंद-चालू केली की जातं, हायवेला परत लागतं. गॅरेजवाला म्हणतोय स्टिअरिंग सेन्सर कॅलिब्रेट करावा लागेल. तुमच्याकडे ब्लूटूथवाला स्कॅनर आहे, त्यावर घरी होईल का, आणि नुसती बॅटरी काढून ठेवली तर भागेल का, हे विचारलंय.

होईल, बऱ्याच गाड्यांत होतं. पण त्या बटणाचं काम पाच मिनिटांचं असतं, खरं काम त्याच्या आधीचं आहे. कॅलिब्रेशन म्हणजे गाडीला सांगणं की "आत्ता स्टिअरिंग जसं आहे ना, त्याला सरळ समज". आता गाडीच वाकडी असेल आणि तुम्ही तिला हे सांगितलंत तर लाइट जाईलही कदाचित, पण दोष आहे तिथेच राहणार आणि वरून आता तो दिसणारही नाही. टायर एका कडेने झिजला की मग कळतं. म्हणून आधी गाडी सरळ आहे का ते बघायचं, सेन्सर नंतर.

आधी लाइट हायवेलाच का लागते ते सांगतो, कारण तिथेच निम्मं निदान आहे. ईएसपी म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा. तिला एकट्या स्टिअरिंग सेन्सरशी काही घेणं नसतं, ती तुलना करत असते. स्टिअरिंग किती फिरवलंय यावरून ड्रायव्हरला कुठे जायचंय ते कळतं, आणि गाडी स्वतःभोवती खरंच किती वळतेय ते यॉ रेट सेन्सर सांगतो, सोबत चारही चाकांचे स्पीड सेन्सर आणि आडवा झोल मोजणारा सेन्सर. दोन्हीत फरक पडला की तिला वाटतं गाडी घसरतेय, किंवा कुठलातरी सेन्सर खोटं बोलतोय. आता समजा तुमचा सेन्सर सरळ रस्त्यावर दहा अंश दाखवतोय. स्टिअरिंग आणि चाकाचं प्रमाण साधारण पंधराला एक धरा, म्हणजे चाक वळलं पाऊण अंशाच्याही आत. पण साधारण २.६ मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीला तेवढ्याने सव्वादोनशे मीटर त्रिज्येचं वळण मिळतं. वीसच्या स्पीडला त्या वळणावर गाडी सेकंदाला दीडेक अंश वळेल, एवढ्याकडे सिस्टिम दुर्लक्ष करते. ऐंशीला तेच सेकंदाला पाच-सहा अंश होतं, आणि यॉ सेन्सर म्हणतोय शून्य. मग लागली लाइट. हिशोब ढोबळ आहे पण मुद्दा कळला असेल, चूक तेवढीच राहते, स्पीडबरोबर तिचा परिणाम वाढतो. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात, त्यामुळे गॅरेजवाला उगाच काही सांगत नाहीये.

हा सेन्सर बसतो स्टिअरिंगच्या खाली कॉलमवर, बऱ्याच गाड्यांत क्लॉक स्प्रिंगसोबत (हॉर्न आणि एअरबॅगची जोडणी फिरत्या स्टिअरिंगपर्यंत नेणारी गुंडाळलेली पट्टी) एकाच डब्यात. जुन्या काहींत भोकांची चकती आणि प्रकाश अशी भानगड असायची, आता बहुतेक चुंबकीय. बॉशचा जो खूप गाड्यांत सापडतो त्यात कॉलमवरच्या गिअरला दोन छोटे गिअर लागलेले असतात, एकाला दुसऱ्यापेक्षा एक दात जास्त, त्यामुळे दोघांची जोडी प्रत्येक फेऱ्यात वेगळ्या जागी असते, घड्याळात तासकाट्यावरून जसं कळतं ना की मिनिटकाटा कितव्यांदा बारावर आलाय, तसं. म्हणून इग्निशन ऑन केल्या केल्या त्याला माहीत असतं की स्टिअरिंग कितव्या फेऱ्यात आहे. कॅलिब्रेशनमध्ये आपण यातलं काहीच हलवत नाही, फक्त "मध्य इथे आहे" हा एक आकडा मेमरीत लिहितो. हे कळलं की बॅटरीच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. ज्या गाड्यांत तो आकडा कायमच्या मेमरीत असतो तिथे बॅटरी काढून काही होत नाही, घड्याळ आणि रेडिओ तेवढा रीसेट होईल. आणि ज्या गाड्यांत बॅटरी काढल्यावर शिकलेलं जातं, तिथे आधी उलट जास्त लाइटी लागतात, मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-पूर्ण उजवीकडे फिरवून थोडं सरळ चालवलं की जातात. फोक्सवॅगन-स्कोडात बॅटरी बदलल्यावर जे पिवळं स्टिअरिंग दिसतं ते हेच, लोक घाबरून टोइंग बोलावतात. पण तुमची बॅटरी कोणी काढलेली नाहीये, अलाइनमेंट झालंय, तेव्हा तो उपाय तुमच्यासाठी नाही.

आता काम. पहिली गोष्ट टायरची हवा, चारही, थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. पुढचे दोन नवीन टायर एकाच साइजचे आणि शक्यतो एकाच कंपनीचे आहेत ना ते वाचून बघा, गंमत नाही करत, एका बाजूला वेगळ्या प्रोफाइलचा टायर चढवून दिलेला पाहिलाय. मग पुढचं चाक जॅकवर उचलून तीन आणि नऊ वाजताच्या जागी धरून हलवा, खडखड जाणवली तर टाय रॉड किंवा स्टिअरिंगच्या रॅकमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे, बारा-सहा धरून हलवल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. जॅकवर गाडी असताना खाली हातपाय घालायचे नाहीत, स्टँड लावा. पावसाळा संपता संपता माझ्याकडे ज्या गाड्या येतात त्यात लोअर आर्म खड्ड्याने वाकलेला किंवा बुश फाटलेला हमखास असतो, आणि अशा गाडीचं अलाइनमेंट मशीनवर कितीही हिरवं दिसलं तरी ब्रेक मारला की चाक जागा सोडतं. तिथे कॅलिब्रेशनला अर्थच नाही.

यानंतर स्कॅनर. इथे मोठा घोळ आहे. ब्लूटूथचे जे स्वस्त ईएलएम ३२७ मिळतात त्यातले बरेच नकली चिपचे असतात, इंजिनचे कोड वाचतात आणि एबीएसच्या मॉड्यूलशी (ब्रेकच्या कंट्रोल युनिटशी) बोलायची वेळ आली की गप्प बसतात. शिवाय फुकटची साधी अ‍ॅप्स फक्त इंजिनच बघतात, त्यात "नो फॉल्ट" आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तुमच्या कंपनीच्या एबीएस-ईएसपी मॉड्यूलमध्ये जाणारं अ‍ॅप पाहिजे. फोर्डवाल्यांना फोरस्कॅन आहे, आणि २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यापासून इकोस्पोर्टवाल्यांचा तर तो आधारच आहे. स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांना व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन. बाकी गाड्यांना कार स्कॅनरसारख्या अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा निदान लाइव्ह डेटा तरी दिसतो, आणि आपल्याला आधी तेवढाच पाहिजे.

लाइव्ह डेटात स्टिअरिंग अँगल शोधा. गाडी चालू ठेवा किंवा बॅटरीला चार्जर लावा, कारण नुसत्या इग्निशनवर अर्धा तास खेळत बसलात आणि व्होल्टेज पडलं की मॉड्यूल भलतेच कोड टाकायला लागतात. आता तीन आकडे घ्यायचे. एक, सरळ चालताना काय दिसतं. दोन, पूर्ण डावीकडे लॉकपर्यंत. तीन, पूर्ण उजवीकडे. लॉकला नेऊन दाबून धरू नका, टेकलं की सोडा. काही गाड्यांत डावी बाजू अधिक आणि उजवी उणे, काहींत उलट, त्याने फरक पडत नाही. साधारण दीड-दीड फेरा म्हणजे पाचशेच्या आसपास दोन्हीकडे येईल, आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा, पण दोन्ही बाजू जवळपास सारख्या पाहिजेत.

सरळ चालतानाचा आकडा घेणं वाटतं तितकं सोपं नाही. आपल्या डांबरी रस्त्याला मधून कडेला पाणी जावं म्हणून साधारण दोन टक्के उतार असतो, आपण डावीकडून चालवतो, म्हणजे गाडी कायम डावीकडे कललेली. ती डावीकडे ओढते आणि आपण नकळत स्टिअरिंग उजवीकडे दोन-तीन अंश धरून ठेवतो. लोक सल्ला देतात की जाऊन या आणि सरासरी काढा. अहो पण परत येतानाही तुम्ही डावीकडेच असता, उतार परत डावीकडेच, मग कापलं काय जाणार? वारा कापला जाईल फार तर. रिकाम्या रस्त्याच्या बरोबर मध्यावरून, दोन्ही चाकं उताराच्या दोन बाजूंना, असं चालवायला मिळालं तर उत्तम, नाहीतर एखादं मोठं सपाट पटांगण बघा. सोसायटीच्या बेसमेंटवर विश्वास नको, तिथे जाळीकडे पाणी जायला फरशीलाच उतार दिलेला असतो. वीस-तीसच्या स्पीडने, हात सैल, आणि फोन शेजारच्याच्या हातात. आकडा त्याने वाचायचा, तुम्ही रस्त्याकडे बघायचं.

आता तीन आकड्यांवरून काय ते ठरवा. गाडी सरळ जातेय, पण हातातलं स्टिअरिंग डोळ्याला वाकडं दिसतंय आणि सेन्सरही तेवढंच वाकडं सांगतोय, तर सेन्सर बिचारा खरं बोलतोय, अलाइनमेंट चुकलंय. तुमच्या बाबतीत मला हाच संशय जास्त आहे, कारण डाव्या बाजूचा टाय रॉड एंड बदलला आणि टो (वरून बघितल्यावर चाकं आत-बाहेर किती तिरकी आहेत ते) जुळवताना सगळं अ‍ॅडजस्टमेंट त्या एकाच बाजूला केलं असेल, तर टो बरोबर येतो, मशीन हिरवं होतं, पण स्टिअरिंग एका बाजूला जातं. बरोबर पद्धत म्हणजे स्टिअरिंग मध्यावर आणून सीटला दांडा टेकवून लॉक करायचं, मग दोन्ही टाय रॉड आपापल्या जागी जुळवायचे आणि चेकनट घट्ट करायचे. त्याच टायरवाल्याकडे परत जा, भांडू नका, एवढंच सांगा की स्टिअरिंग लॉक करून परत करून द्या. बहुतेक वेळा यानंतर सेन्सर आपोआप शून्याच्या जवळ येतो आणि कॅलिब्रेशनची गरजच राहत नाही.

काही ठिकाणी यावर शॉर्टकट मारतात, स्टिअरिंग काढून एक खाच सरकवून बसवतात. दिसायला सरळ. पण रॅकचा मध्य एकीकडे, स्टिअरिंगचा दुसरीकडे, क्लॉक स्प्रिंग तिसरीकडे. यू टर्नला एका बाजूला जागा जास्त लागते, इंडिकेटर एका बाजूला लवकर परततो, आणि नशीब वाईट असेल तर एके दिवशी पूर्ण लॉकला क्लॉक स्प्रिंगची पट्टी तुटते, मग हॉर्न बंद आणि एअरबॅगची लाइट. डावी-उजवीचे आकडे पंधरा-वीस अंशांनी वेगळे आले तर हा प्रकार झालाय का ते विचारा. आणि हो, स्टिअरिंग घरी काढायचं नाही. पिवळ्या कनेक्टरमागे एअरबॅग आहे, ती फुटते तेव्हा स्फोटानेच फुटते.

दुसरी शक्यता, गाडी सरळ, स्टिअरिंग सरळ, दोन्ही बाजूंचा लॉक सारखा असायला हवा पण आकडे सरळपणे एका बाजूला सरकलेले, म्हणजे सरळला चार, डावीकडे पाचशे चार, उजवीकडे चारशे शहाण्णव. ही खरी कॅलिब्रेशनची केस. तिसरी, स्टिअरिंग हळू फिरवताना आकडा मध्येच उडी मारतो, एका जागी अडकतो, किंवा फिरवलं तरी ढिम्म हलत नाही. हा सेन्सर किंवा त्याची वायरिंग गेलेली आहे, कितीही झिरो करा. चौथी, आकडा एक-दोन अंशांत आहे आणि तरी लाइट लागते, मग स्टिअरिंग सोडा, बाकीचे कोड वाचा. चाकाचा स्पीड सेन्सर, यॉ सेन्सर, आणि ब्रेक पेडलचा स्विच. या शेवटच्याकडे कोणी बघत नाही, कारण तो किरकोळ वाटतो, पण ईएसपीची लाइट लावण्यात त्याचा नंबर बराच वर आहे.

समजा दुसरी केस निघाली. प्रश्नात गाडी कुठली ते लिहिलं नाहीये म्हणून थोडं थोडं सगळ्यांचं सांगतो. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगचा मध्य गाडी सरळ चालताना स्वतःच शोधते, हाताने शून्य करायचं असतं ते यॉ आणि जी सेन्सर (तोच आडवा झोल मोजणारा), तेही एकदम सपाट जागी, गाडीला आणि स्टिअरिंगला हात न लावता. यासाठी ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये पेपरक्लिप घालायचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा थेट प्लस असतो आणि ४ नंबरला अर्थ, एक पिन चुकली की फ्यूज गेला तर स्वस्तात सुटलात. ह्युंदाई-कियात कोड सी१२६१ आला तर त्याचा अर्थच कॅलिब्रेशन झालेलं नाही असा, तिथे ईएसपीच्या मेनूत एसएएस (स्टिअरिंग अँगल सेन्सर) कॅलिब्रेशन म्हणून वेगळा पर्याय असतो, पण तो देणारा स्कॅनर पाहिजे, नुसत्या अ‍ॅपवर बहुतेक मिळत नाही. फोर्डला फोरस्कॅनमध्ये सर्व्हिसच्या पानावर जे पर्याय तुमच्या गाडीला दिसतील तेवढेच वापरा.

स्कोडा-फोक्सवॅगनचं मी जास्त केलंय म्हणून जरा खोलात. जुन्या लॉरा, जेट्टाच्या पिढीत इंजिन चालू करायचं, स्टिअरिंग एक फेरा उजवीकडे एक फेरा डावीकडे, मग सपाट रस्त्यावर वीसच्या आत थोडं सरळ चालवायचं, आणि स्टिअरिंग सरळ असतानाच थांबायचं. थांबल्यावर हात काढा, इंजिन बंद करू नका. मग व्हीसीडीएसमध्ये ०३ नंबरचं एबीएस मॉड्यूल उघडा, आधी मेजरिंग ब्लॉकमध्ये अँगल बघा, साडेचार अंशांच्या आत असेल तरच पुढे जा. जास्त असेल तर परत अलाइनमेंट, बटण नाही. मग लॉगिन, त्या पिढीत बहुतेक ४०१६८, प्रोग्राम स्वतः सुचवतो त्याच्याशी जुळवून घ्या, आणि बेसिक सेटिंगमध्ये ग्रुप ०६०. इलेक्ट्रिक स्टिअरिंग असेल तर ४४ नंबरच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या मॉड्यूलमध्ये वेगळं लॉगिन आहे. थांबताना शेवटच्या फुटात स्टिअरिंग जरा हललं तर सगळं परत, कंटाळा करू नका.

इथे एक गफलत खूप होते. इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या मेनूत टॉर्क सेन्सरचंही झिरो असतं, नाव मिळतंजुळतं. अँगल सेन्सर सांगतो किती फिरवलं, टॉर्क सेन्सर सांगतो हाताने किती जोर लावलाय. स्टिअरिंगवर हात ठेवून टॉर्कचं झिरो मारलंत तर मोटरला वाटतं तेवढा जोर म्हणजे शून्य, आणि मग स्टिअरिंग एका बाजूला हलकं, दुसऱ्या बाजूला जड. तुमच्या तक्रारीत स्टिअरिंग जड-हलकं असं काही नाहीये, तेव्हा त्या पर्यायाला हात लावू नका.

झाल्यावर कोड क्लिअर करा, इग्निशन बंद, मिनिटभर थांबा, परत चालू करा आणि सरळचा आकडा पुन्हा बघा. मग तीस-चाळीसने, मग मोकळ्या रस्त्याला ऐंशीपर्यंत, आणि लांब हलक्या वळणावर दोन्ही बाजूंना. लाइट परत लागली नाही, ट्रॅक्शन कंट्रोलने मध्येच ब्रेक धरल्यासारखं जाणवलं नाही, तर झालं. तोपर्यंत गाडी वापरायला हरकत नाही, ईएसपी बंद म्हणजे ब्रेक बंद नव्हे, फक्त ओल्या रस्त्यावर घाटात दांडगाई करू नका. पण एबीएसची आणि लाल ब्रेकची लाइट दोन्ही एकदम लागल्या तर मात्र मागच्या चाकांचा ब्रेक सांभाळणारी यंत्रणाही गेलेली असू शकते, तिथे हळू चालवत थेट गॅरेज.

काचेवर कॅमेरा असलेली, लेन सांभाळणारी गाडी असेल तर यातलं सरळ-डावी-उजवी आकडे घेण्यापर्यंतचंच घरी करा. त्या कॅमेऱ्याचं गणित गाडी कुठल्या दिशेला सरळ जाते यावर बसलेलं असतं, अलाइनमेंट बदललं की त्याचंही परत बघावं लागतं, आणि ते बऱ्याच गाड्यांत समोर ठरावीक अंतरावर पाटी लावून करतात.

गाडी कुठली, कुठल्या सालची, आणि ते तीन आकडे इथे लिहा, कोड निघाले तर तेही जसेच्या तसे. आकडे बघून सांगतो टायरवाल्याकडे जायचं की बटण दाबायचं.